बायकोची सायकल, नवऱ्याचं माप

पोटचं पोरगं हाय म्हणून गप बसू व्हय? न्हाई बसणार. मला माझ्या आदिनाथाची किळस आली, किळस! आई असून सांगते.

माझी सून उज्वला चाकूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स हाय. रोज सायकलनं जाती, सायकलनं येती. लातूरच्या शरणप्पा सरांचा ग्रुप दिवाळी झाली की सायकलवर कन्याकुमारीला निघणार होता, त्यात हिनं आपलं नाव दिलं. लग्न होऊन आल्यापासून बाईनं स्वतःसाठी म्हणून काही मागितलं न्हाई. आपल्या पगारातून लांब पल्ल्याची सायकल घेते म्हणली, म्हणून आम्ही तिघं लातूरला गेलो.

तिथं कळलं, असली सायकल जुळवून घ्यावी लागती. आधी फ्रेम निवडायची, म्हणजे सायकलचा सांगाडा. मग चाकं, हँडल, सीट त्याच्यावर चढवायचं. उज्वलानं सगळं वाचून ठेवलेलं. स्टीलची पाहिजे, मागं सामानाचं कॅरियर आवळायला भोकं पाहिजेत, अन् माझ्या उंचीची पाहिजे, म्हणली. दुकानदारानं हाव हाव केलं, टेप काढला अन् पाय कुणाचे मोजले? आदिनाथाचे! "या साहेब, जरा उभं राहा." अन् हा बैल पाय फाकवून उभा राहिला की हो! बायकोचं पोलकं शिवायचं अन् माप नवऱ्याचं घ्यायचं, असली तऱ्हा. उज्वला म्हणली, "अहो, चालवणार मी हाय." तर हा म्हणतो कसा, "मोठीच असू दे. तुझं चार दिवसांचं खूळ. उद्या घरात कुणाच्याबी कामाला येईल." पैसे तिचे, घाम तिचा, अन् सायकल घरात कुणाच्याबी! शी! चारचौघांत लेकाची इज्जत कशाला काढा म्हणून तोंडात आलेलं गिळलं मी.

सायकल घरी आली. सीट पार खाली घातली तरी उज्वलाला हँडल धरायला पालथं व्हावं लागायचं. सीटवरून पुढं उतरावं तर मधला दांडा आडवा. पायाचा अंगठा तेवढा भुईला लागायचा. खांदे भरून यायचे पोरीचे, मी तेल लावून चोळायचे. मग औशाच्या रस्त्याला ग्रुपची सरावाची फेरी निघाली. म्हशी आडव्या आल्या, हिनं ब्रेक मारला, पाय टेकायला गेली अन् पाय पोचलाच न्हाई. सामानासकट आदळली, गुडघा फुटला. शरणप्पा सर वाकडं बोलले न्हाईत. म्हणले, "ताई, थांबता येत नसलं तर घाटात नेणं धोक्याचं हाय. न्हाई जमलं तर ह्या वर्षी राहू द्या."

घरी येऊन पोरगी ओट्याला टेकून रडली. अन् माझा दिवटा काय म्हणला? "मला तर बरोबर बसती सायकल. नाव वाया कशाला घालवायचं? मीच जातो."

अरे, तिच्या गुडघ्याची पट्टी अजून ओली होती! लाज असती तर ह्याची जीभ झडली असती. दोन दिवसांत चौकात बॅनर लागलं, 'आदिनाथ भाऊंना कन्याकुमारी मोहिमेच्या हार्दिक शुभेच्छा.' वर गॉगल घातलेला फोटो. ह्यानं उभ्या जन्मात सायकलवर दळण आणलं न्हाई.

"ऊठ," म्हणलं उज्वलाला. टेम्पोत सायकल घातली अन् दोघी लातूरला गेलो. दुकानदार म्हणला, "साहेब न्हाई आले?"

"साहेबाचं काय काम? पाय जिचे हायत ती आलीय. मोज."

"मावशी, फ्रेम वापस होत न्हाई. ओरखडा पडलाय."

"तुझ्याच मापानं पडलाय," म्हणलं, अन् दारात फतकल मारून बसले. येईल त्या गिऱ्हाइकाला उज्वलाचा गुडघा दाखवायला लागले. गिऱ्हाईकं माघारी फिरायला लागली तसा दुकानदार टेप घेऊन आला.

मग मात्र उज्वलानं घाई केली न्हाई. एकेक सांगाडा दोन्ही पायांच्या मधी धरून उभी राहून बघितला. ज्याच्या दांड्यावर चार बोटं जागा उरली तो ठेवला. आपलीच चाकं, आपलंच हँडल त्याच्यावर चढवून घेतलं. सीट वर कर, जरा खाली घे, असं करत स्वतः पॅडल मारून मारून ठरवलं. शेवटी ब्रेक मारून पुढं उतरली अन् दोन्ही पाय सपाट भुईवर ठेवून हसली. किती दिवसांनी हसली माय माझी! शरणप्पा सरांनी परत फेरी घेतली अन् तिचं नाव कायम राहिलं.

आदिनाथ थयथय नाचला. सायकलवर बसून बघितलं, गुडघे हँडलला लागले. "आता मी लोकांना काय सांगू?" म्हणला. बायको पडली तवा ह्याच्या तोंडातून हाय निघाली न्हाई, अन् आता बॅनरापायी डोळ्याला पाणी! "सांग, बायको चालली म्हणून," म्हणलं अन् आत गेले.

परवा उज्वला कन्याकुमारीला पोचली. समुद्रापुढं सायकल धरून उभी, असा तिचा फोटो फोनवर आला, मी पोटभर रडले. फोटो शेजारच्या केवळाबाईला दाखवावा म्हणून बाहेर पडले, तर चौकात ही गर्दी. नवं बॅनर. गॉगलवाला फोटो तसाच मोठा, अन् कोपऱ्यात तिकिटाएवढी उज्वला. मधोमध माझा आदिनाथ गळ्यात हार घालून पेढे वाटतोय अन् सांगतोय, "फ्रेम मीच निवडली. परवानगी मीच दिली. बाईमाणसाला त्यातलं काय कळतंय?"

मला बघून म्हणला, "ये ना माय, फोटोत ये."

मी तिथंच थुंकले. दुकानदारानं फ्रेम तरी बदलून दिली. ह्याला मी जन्म दिलाय, ह्याला कुठं वापस करू?