राजाच्या शिक्क्याआधी

सालामांकाच्या विद्यापीठात फादर ओर्डोन्यो नीतिशास्त्र शिकवायचे. देवाने माणसाच्या बुद्धीतच एक कायदा कोरून ठेवलाय, तो कुठल्याही राजाला खोडता येत नाही आणि त्या कायद्याप्रमाणे जन्मतः कुणीच कुणाचा गुलाम नसतो, असं ते सांगत. आम्ही दोघं एकाच मठातले. म्हणून त्यांच्या थोरल्या भावाचा, बेल्त्रानचा, शेवटचा निरोप आला तेव्हा मीही सोबत गेलो.

बेल्त्रान समुद्रापलीकडच्या मुलखात शिपाई होता. चार वर्षांपूर्वी परतला तो शोको नावाच्या बाईला घेऊन. तिच्या गालावर तापल्या लोखंडाचा डाग होता. आता बेल्त्रान तापाने फणफणला होता आणि ती त्याच्या ओठांवर ओलं फडकं फिरवत होती.

"ये रे. माझी पापं ऐकून घे आणि मला मोकळं कर," बेल्त्रान म्हणाला.

"दादा, आधी हिला मोकळं कर."

"तिच्या गालावर राजाचा शिक्का आहे. सगळं कायदेशीर आहे."

"शिक्का मारला म्हणून माणसाची वस्तू होत नाही."

"तुझी वर्गातली बडबड इथे नको! भाऊ म्हणून आलायस की मास्तर म्हणून?"

"भाऊ म्हणूनच. परका असतो तर तुला बरं वाटेल ते बोलून निघून गेलो असतो."

"चालता हो!"

आम्ही अंगणात येऊन बसलो. "एका तत्त्वापायी, पापांची माफी न देता, मी सख्ख्या भावाला नरकात लोटतोय का रे?" फादरांनी विचारलं. दोनदा ते उठले, दारापर्यंत गेले आणि आत तिला पाहून परत फिरले.

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा आतून बेल्त्रानचा आवाज आला. तो तिला विचारत होता, "शोको, मी तुला कधी उपाशी ठेवलं का?"

"नाही, मालक."

"मग तुला जायचंय का?"

"हो."

एवढंच. बेल्त्रान भिंतीकडे तोंड करून रडला. 'नाही' ऐकायला मिळेल असं त्याला वाटलं असावं. मग त्याने शेजाऱ्यांना बोलवायला लावलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं की ही बाई आजपासून कुणाची नाही. त्यानंतर फादर आत गेले, दार लावलं गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल्त्रान गेला.

लोकरीच्या गाड्या सेव्हियाच्या बंदराकडे निघाल्या, तेव्हा फादर तिला पोचवायला नदीवरच्या पुलापर्यंत गेले. तिने आभार मानले नाहीत.

"फादर, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं ना? मी गुलाम नाही म्हणून?"

"होतं."

"मग दर इस्टरला माझ्या हातचं जेवून जायचात, तेव्हा का नाही बोललात?"

गाडीवाल्याने हाक दिली, तशी ती चढून बसली. ती समुद्रापलीकडच्या आपल्या घरी पोचली की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

पुढच्या तासाला फादरांनी जन्मतः कुणीच गुलाम नसल्याचा तोच पाठ काढला. पण सुरुवात केली शोकोच्या प्रश्नाने, आणि मान खाली घालून म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडे नाही."