झालंच समजा

“आपली सफारी अद्याप कापलेली नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व,” काउंटरवरचा मोबाईल फोनवरच्या गिऱ्हाइकाला गोड आवाजात म्हणाला, आणि नूरमहंमद टेलर मशीनवरून ताडकन उठला.

“अगं बंद कर त्याला! इन्शा! तोंड दाब त्याचं!”

दाबायला त्याला तोंड होतं कुठे? इन्शा हातातली सुई ठेवून काउंटरशी पोहोचेपर्यंत पलीकडून अजिनाथ गिरमेचा आवाज आलाच, “म्हंजी? चाचा तर म्हनले हुते, निस्ती काज-बटनं राहिलीत!”

“काज-बटणांचे काम कापणीनंतर होते,” मोबाईलने त्याला समजावून सांगितलं. वर आणखी काही मदत हवी आहे का, असंही विचारलं.

अजिनाथने मदत घेतली नाही. थोड्या वेळाने तो मोटारसायकलवर आला, आपलं कापड मागितलं, घडी काखेत मारली आणि गेला. एक शिवी दिली नाही, तेच नूरमहंमदला फार लागलं. शिव्या देणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा पाजून बसवता येतं. शिव्या देणारं गिऱ्हाईक कुठे जात नाही, हा त्याचा आजवरचा अनुभव होता.

“बघितलंस?” तो लेकीवर उखडला. “त्याच्या बापाच्या लग्नाचा कोट माझ्या बापानं शिवल्याला. ह्या मशिनीनं एका फोनात घालवलं गिऱ्हाईक!”

“मशिनीनं खरं सांगितलं, अब्बा.”

“खरं सांगायला दुकान कशाला पायजे? खरं तर कोनबी सांगतंय!”

काष्टीच्या बाजारपेठेत ‘नूरमहंमद टेलर्स’ची पाटी दोन पिढ्यांची. आणि कापड घेतलं की ठरलेल्या दिवशी द्यायचं नाही, हीसुद्धा दोन पिढ्यांची रीत. यात फसवणूक नव्हती बरं का. दुकानात आलेल्या कापडाला आधी कडेला एक कात्री मारून ठेवायची. कात्री लागलेलं कापड कोणी दुसऱ्या टेलरकडे नेत नाही. मग सवडीने शिवायचं, आणि गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, झालंच समजा, उद्या या. गिऱ्हाइकालाही ठाऊक असे की उद्या म्हणजे उद्या नव्हे. ते निमूट जाई, बाजाराच्या दिवशी परत येई, बाकावर बसून दोन घटका गप्पा मारी. अजिनाथच्या सफारीला नेमकी कात्री लावायची राहून गेली होती. हल्ली नूरमहंमदचं बरंच काही राहून जात होतं.

त्याचं कारण समोर बसून ब्लाउजची हुकं लावत होतं. शाळा सुटल्यापासून दुकानाचा फोन इन्शाच घेई. “उद्या या” म्हणावं तर तिनेच. म्हातारीला सांगे, “आजी, अस्तर पान्यातनं काढून वाळत टाकलंय.” हेडमास्तरांना सांगे, “सर, घाई केली तर कॉलर गळ्याला टोचंल.” तिच्या तोंडून नकार घेऊन गेलेला माणूससुद्धा हसत पायरी उतरायचा. आता तिचं जामखेडला लग्न ठरलं होतं. पुढच्या महिन्यात ती जाणार होती. आणि नूरमहंमदला कापताना बोलता येत नसे. एकदा फोनवर बोलता बोलता त्याने सरपंचांच्या नेहरू शर्टाची एक बाही कोपरापर्यंत आणून ठेवली होती.

म्हणून इन्शाने हट्ट धरला होता की जायच्या आधी दुकानाला एक चांगला एआय असिस्टंट लावून द्यायचा. पुण्यात कंपनीत असलेला तिचा भाऊ काशिफ तिकडून व्हिडिओ पाठवी, ‘धंद्यासाठी योग्य असिस्टंट कसा निवडाल’. व्हिडिओतला माणूस सांगे की आधी आपली गरज ओळखा.

“माझी गरज मला ठाऊक हाय,” नूरमहंमद म्हणे. “त्यो कोन सांगनारा उपटसुंभ?”

त्या सफारीवाल्या असिस्टंटला तिने काढून टाकलं आणि दुसरा आणला. हा दुसरा भलताच उत्साही निघाला. कोणी काही विचारो, “नक्कीच!” म्हणून सुरुवात करायचा. नूरमहंमदला तो पहिल्या दिवशी आवडला. गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही, गोड बोलतो, आणि काय पाहिजे?

बाजाराच्या दिवशी काय पाहिजे ते कळलं. दुकान उघडून तो खडूला टोक करत होता तोवर बाया-माणसं पायऱ्यांवर जमायला लागली. आधी चार, मग दहा, मग गल्लीतून वाट काढायची पंचाईत. सगळे एकदम बोलत होते.

“चाचा, अकराला या म्हनले हुते. अकरा वाजले.”

“मला बी अकराच सांगितलंय.”

“आन आमी काय चकाट्या पिटाया आलोय व्हय? काढा कापडं!”

नूरमहंमदने कपाळावर हात मारला. “इन्शा, ह्यानं समद्यांना अकराचा टाईम दिलाय! अगं, उद्या म्हनायचं असतंय! अकरा कसं म्हनायचं? उद्याला काटं असत्यात का?”

इन्शाने एकेकाला पाणी दिलं, एकेकाचं ऐकून घेतलं, कोणाला अस्तर आटल्याचं सांगितलं, कोणाला दोरा रंगाला जुळत नसल्याचं. अर्ध्या तासात पायरी मोकळी झाली. एक बाई तर जाताना तिच्या गालावरून हात फिरवून, कडाकडा बोटं मोडून गेली. आणि नूरमहंमद ते बघत मशीनवर नुसता बसून राहिला, पाय पायडलवर, मशीन बंद. ही गेली की इथे असं कोण करणार, हा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता.

त्यानंतर त्याने प्रत्येक असिस्टंटमध्ये खोट काढायला सुरुवात केली. एकाचा आवाज फार जाड, लोक घाबरतील. एक बोलतो ते तलाठ्याच्या नोटिशीसारखं. एक मधेच हिंदीत घुसतो. एकाला ‘झंपर’ म्हणजे ब्लाउज हे कळत नाही. एकाला सगळं कळतं, पण तो कोणाची तब्येत विचारत नाही. इन्शा रोज जेवण उरकून नवीन काहीतरी उतरवून घेई, त्याला शिकवी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाप त्याला हाकलून देई. तिची आई मुबारकबी घरातून विचारी, “आज कुणाला काढलं?”

शेवटी इन्शाचा संयम सुटला. “अब्बा, खरं सांगा. तुमाला असिस्टंट नकोच हाय. तुमाला मीच पायजे.”

“व्हय, तूच पायजे!” नूरमहंमद ओरडला. “मग? बापानं म्हनू बी नये का?”

समोरच्या किराणावाल्याने मान वर करून पाहिलं. नूरमहंमदने टेप गळ्यातून काढला, परत घातला.

“म्हना की,” इन्शा हळूच म्हणाली. “पन मग ते बी सांगा, माझं कापड कधी कापनार? जामखेडवाल्यांनी किती हौसेनं पाठवलंय. त्यांना म्हनलंय, माझा शरारा अब्बाच शिवनार.”

“कापतो की. उद्या.”

ती पुन्हा हुकं लावायला बसली.

दोन दिवसांनी ती जो असिस्टंट घेऊन आली, त्याच्यावर तिने फारच मेहनत घेतली होती. या वेळी काउंटरवर मोबाईल ठेवून ती म्हणाली, “हा शेवटचा. ह्याला मी तुमचं समदं बोलनं शिकवलंय. अस्तर, कॉलर, दोरा, समदं. ह्यो बी न्हाई आवडला तर फोन तुमीच घ्यायचा.”

पहिला फोन राहीबाईंचा आला. वयाने मोठ्या, जिभेने तिखट. त्यांच्या ब्लाउजचं कापड अजून पिशवीतच होतं.

“झालंच समजा, आजी,” मोबाईल म्हणाला. “निस्ती हुकं राहिलीत. गुडघं कसं हायती आता? उद्या या.”

“गुडघं काय, हायती आपली,” राहीबाई एकदम निवळल्या. “येते बाई उद्या.”

नूरमहंमदने मांडीवर थाप मारली. “अरे वा रे बहाद्दर! ह्याला म्हनत्यात टेलर!” मग आणखी एक फोन आला, मग आणखी एक. मोबाईलने कोणाला चिडवलं नाही, कोणाला वेळ सांगितली नाही, कोणाला नाराज केलं नाही. आठवडाभरात पहिल्यांदा नूरमहंमद मोकळेपणाने हसला. “ठेव ह्यालाच,” म्हणाला. “काशिफला कळव. सापडला म्हनावं.”

“एकदा मी बी करून बघते,” इन्शा म्हणाली.

ती दुकानाच्या बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली आणि आपल्या मोबाईलवरून दुकानाचा नंबर लावला. काउंटरवर रिंग वाजली. नूरमहंमद कान देऊन ऐकत होता, चेहऱ्यावर हसू तसंच.

“मी इन्शा बोलतेय. नूरमहंमदची लेक. लाल शरारा टाकलाय. कधी मिळंल?”

“झालंच समजा, बेटा,” मोबाईल अगदी मायेने म्हणाला. “निस्ती तुरपाई राहिलीया. उद्या या.”

इन्शाने फोन ठेवला. ती हसली नाही, आत आली नाही, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या खांद्याकडे पाहून नूरमहंमदला कळलं की पोरगी रडते आहे.

त्याला त्या मोबाईलचा असा संताप आला की उचलून आपटावा. पण आपटून काय होणार होतं? ते शब्द त्याचेच होते. तो ‘बेटा’सुद्धा त्याचाच होता. महिनाभर तो पोटच्या पोरीला तेच सांगत होता जे साऱ्या तालुक्याला सांगत आला. तालुक्याला ठाऊक होतं उद्या म्हणजे काय. तिलाही ठाऊक होतं, म्हणून तर ती इतके दिवस गप्प होती.

“आत ये,” त्याने हाक मारली. “आन ह्या लबाडाला काढून टाक. त्यो पैला लाव परत. सफारीवाला.”

“गिऱ्हाईक जातील, अब्बा.”

“जाऊ दे. काही जातील, काही ऱ्हातील. माझ्याच्यानं ह्याचं बोलनं ऐकवत न्हाई.”

त्याने फडताळातून लाल कापड काढलं. कापायच्या टेबलावरचं सगळं, शर्ट, पायजमे, शाळेचे गणवेश, एका हाताने बाजूला लोटलं आणि कापड पसरलं. मग टेप घेऊन तिच्यासमोर आला.

“उभी ऱ्हा. माप घेऊ दे.”

“माझं माप तुमाला ठाऊक न्हाई?”

“ठाऊक हाय. तरी उभी ऱ्हा.”

ती उभी राहिली. त्याने खांदा मोजला, कंबर मोजली, उंची मोजली, आणि उंची पुन्हा एकदा मोजली. काहीही लिहून घेतलं नाही. मग खडूने रेघा मारल्या. एक रेघ पुसून परत मारली. इन्शाने मोबाईलवर पहिला असिस्टंट पुन्हा चालू केला आणि ती हुकं लावायला बसली. लगेचच रिंग वाजली.

“आपले काम आज होणार नाही,” मोबाईल म्हणाला. “मास्तर दुसऱ्या कामात आहेत.”

“असं कोनाचं काम हाय त्ये?” पलीकडे एक बाई तावातावाने बोलत होती. “माझं कापड ईदीच्या आधीपासनं पडलंय तितं!”

“क्षमस्व. ही माहिती माझ्याकडे उपलब्ध नाही.”

इन्शाने सुई ठेवली आणि मोबाईलकडे वाकली. “माझं काम हाय, मावशी. लग्नाचं.”

बाईचा आवाज एकदम खाली आला.

“अगं बया,” ती म्हणाली. “मंग आमचं कशाला मधी? चाचांना म्हनावं, हुंद्या सावकाश.”

नूरमहंमदने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत डोळ्यांवर चढवला. मग लाल कापडाची कड डाव्या हाताने ताणून धरली आणि कात्री चालवली.