सहावी नळी

फ्रीझरमध्ये वाटाण्याची दोन पाकिटं, बर्फाचा एक ट्रे आणि पाच नळ्या होत्या. सहावी ओट्यावर, झाकण उघडं. प्रत्येक नळी पंधरा मिलिलिटरची. दूध मात्र दहाच्या रेघेपर्यंत. वर नावाऐवजी क्रमांक. आईच्या दुधावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेसाठी सुनेने त्या नेमाने भरल्या होत्या.

सासूबाईंचं निदान त्याआधीच झालं होतं. "नुसतं पाणी आहे गं तुझं दूध. म्हणून पोर दर दोन तासांनी किंचाळतं." पावडरचा डबाही त्यांनी आणून ओट्याच्या मधोमध मांडला होता.

"अहवाल येऊ दे, आई. साडेतीन टक्क्यांच्या खाली स्निग्धांश निघाला तर डबा मी स्वतः उघडीन. वर निघाला तर डबा परत दुकानात."

"बघू की. घोडामैदान जवळच आहे."

बाळ रडलं, सून आत धावली. परत येते तो सहाव्या नळीला झाकण लावून सासूबाईंनी ती फ्रीझरमध्ये ठेवलीसुद्धा होती. बाळ झाल्यापासून त्यांनी न सांगता केलेली ही पहिली मदत. सून भारावली.

आठवड्याने प्रयोगशाळेतल्या संशोधिकेचा फोन आला. "एक विचारू? सहाव्या नळीत पूर्ण पंधरा मिलिलिटर आहे. आणि गाईच्या दुधातलं प्रथिनही."

सुनेने फोन स्पीकरवर टाकून सासूबाईंकडे पाहिलं.

"अगं, अर्धवट भरलेलं भांडं कुणी परक्याकडे पाठवतं का? त्यात दूध हे असलं पातळ. घराची अब्रू गेली असती!"

"पातळ आहे म्हणून गावभर सांगता ते तुम्हीच ना?"

"आपण सांगणं वेगळं. त्यांनी मोजून सांगणं वेगळं."

"आई, नळीवर नाव नाही, नुसता नंबर आहे!"

"नंबर तरी आपल्याच घरचा ना?"

सुनेने कपाळाला हात लावला. "कुठलं दूध घातलंत?"

"ह्यांच्या बाटलीतलं. चांगलं डॉक्टरांनी सांगितलेलं आहे."

सासऱ्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं दूध म्हणजे साय पुरती काढलेलं.

पलीकडे संशोधिका खाकरली. "तो नमुना बाद. आकडे लिहून घेताय ना?"

सुनेने पेन उचललं. सासूबाई डब्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पहिल्या पाच नळ्या, सरासरी स्निग्धांश: ४.१ टक्के. सहावी: २.८.