कोठा साफ झाला म्हणजे

केकवर साखरेची फुलं काढणं हा माझा धंदा. क्रीम चाखल्याशिवाय जमत नाही असं आमचा मालक म्हणतो, आणि इतकी वर्षं मीही चाखत आले. त्याच चाखण्यानं मला मधुमेहाच्या उंबरठ्यावर नेऊन उभं केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीर इन्सुलिनला दाद देत नाहीये. वेळीच सावरा."

त्यांना विचारूनच मी वैद्यबाईंकडे विरेचन घेतलं. रोज वाढत्या मापानं औषधी तूप, मग मालिश, वाफ आणि शेवटी जुलाबाचं औषध. त्या दिवशी घरातल्या एकुलत्या एका संडासावर माझंच राज्य होतं. आमचे हे प्लंबर. दाराबाहेरून ओरडले, "पाणी कमी पडलं तर सांग गं, मी आहेच!" मी आतून अशी शिवी हासडली की शेजारी गप्प झाले.

नंतर नुसती पातळ पेज. उपाशीपोटीची साखर अगदी व्यवस्थित आली. वैद्यबाईंनी बजावलं, "हा आकडा पेजेचा आहे, तुमचा नव्हे. खरं काय ते तीन महिन्यांनी कळेल." घरी मात्र एवढंच पोहोचलं की साखर उतरली.

झालं! रविवारी यांनी आमच्याच दुकानातून केक आणला. नणंद आली, मालकही आला. "उद्यापासून चाखायला मोकळी!" मालक म्हणाला. नणंदेनं तुकडा थेट माझ्या तोंडाशी आणला.

"घे गं. कोठा साफ झालाय, आता कसली भीती?"

माझी मधुमेही आई अगदी हेच म्हणायची. दरवर्षी कोठा साफ करून घ्यायची आणि लगेच गोडावर ताव मारायची. शेवटी तिचा पाय कापावा लागला. ती जखम मी या हातांनी धुतली आहे. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा राग जास्त आला.

"नको, ताई."

"माझं मन मोडतेस?"

"मोडते."

नणंदेचा चेहरा पडला. हे मध्ये पडले, "एवढी काय भडकतेस? मोकळी झालेली नळी एका तुकड्यानं तुंबते होय?"

"तुम्ही मोरी मोकळी करून दिली की तुमची गिऱ्हाइकं काय करतात?"

"परत तेच तेल ओततात," हे बोलून गेले. "म्हणून तर परत बोलावतात."

"आईनंही तेच केलं. तिचा पाय कुणी परत बसवला?"

मालकानं घसा खाकरला. "पण मग क्रीम कोण चाखणार?"

"तुम्ही. दुकान तुमचं, जीभही तुमचीच वापरा. मी मापानं करीन आणि फुलं काढीन. पटत नसेल तर मी दुसरं दुकान बघते."

एवढं बोलून मी चपला घातल्या.

"कुठं निघालीस?" यांनी विचारलं.

"चालायला."

मी कोपऱ्यावर पोहोचले, तोच मागून हे धापा टाकत आले. मिशीला क्रीम लागलेलं.

"थांब, मीही येतो."

"किती तुकडे खाल्लेत?"

"दोन."

"मग थांबू कशाला? पाय उचला."