आपण म्हणजे कोण?

नववीतल्या त्या मुलीला सारी शाळा 'पुटपुट' म्हणत असे आणि त्यात दुष्टपणापेक्षा अचूकपणाच अधिक होता. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी घराला लागूनच होती. पट्टा फिरू लागला की घरातली माणसे एक तर ओरडत किंवा हातवारे करत. पुटपुटने लहानपणीच हातवारे पत्करले होते. त्यामुळे तिच्या आवाजाला वाढायचे काही कारणच पडले नाही.

अशा मुलीला मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, विद्यार्थी समितीची प्रमुख नेमले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीतले चहाचे कप ओठांपर्यंत जाता जाता थांबले.

"बाई, नेतृत्व शिकवायचंच तर निदान ऐकू येईल अशा पोराला शिकवा," गणिताचे सर म्हणाले.

"ज्याला येतं त्याला काय शिकवायचं, सर?"

"मग एक महिना बघा. एक तरी काम मुलांनी स्वतः तडीस न्यायचं. नाही जमलं तर समिती गुंडाळायची आणि तिचा सोमवारचा तास मला द्यायचा. दहावीची भूमिती तशीच पडलीय."

बाईंनी ही अट मुलीपासून लपवली नाही. पुटपुटने रात्रभर नव्हे, पण मधली सुट्टी संपेपर्यंत विचार केला आणि शाळेमागची पाण्याची टाकी निवडली. टाकी तीन वर्षांत धुतलेली नव्हती. पाण्याला असा वास येई की मुले नाक दाबून पीत. शुक्रवारी संध्याकाळी शिपाईकाका ती रिकामी करणार होते आणि शनिवारी नऊ वाजता नळाला पुन्हा पाणी येणार होते. म्हणजे हातात होते ते शनिवारचे सात ते नऊ.

गुरुवारी हजेरीच्या वेळी ती सर्वांसमोर उभी राहिली आणि बोललीसुद्धा.

"काय म्हणाली?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारले.

"काहीतरी म्हणाली," पुढच्या रांगेने कळवले.

तेव्हा तिने सूचना लिहायला घेतली. पहिल्याच शब्दाशी ती अडली. 'तुम्ही' लिहावे तर हुकूम सोडल्यासारखे वाटे. 'आम्ही' लिहावे तर समितीची चारच डोकी त्यात मावत. मग तिला 'आपण' सुचले आणि फार बरे वाटले, कारण त्या शब्दाबाहेर कुणीच उरत नव्हते. वळणदार अक्षरात तिने लिहिले: 'शनिवारी सकाळी सात वाजता आपण पाण्याची टाकी धुवायची आहे. येताना बादली आणावी. — प्रमुख, विद्यार्थी समिती.' काच असलेला फलक शाळेत एकच होता, शिक्षकांच्या खोलीबाहेरचा. तिथे तिने तो कागद लावला.

शनिवारी सातला टाकीपाशी दोघेच होते, ती आणि शिपाईकाका. सव्वासातला गणिताचे सर आले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात घरची लाल बादली. मागोमाग आणखी चार शिक्षक, चार बादल्या.

"आपण बोलावलंत, आम्ही हजर," सर म्हणाले. त्यातला 'आपण' त्यांनी असा काही उच्चारला की तिचे कान तापले.

"सर, मी… आपण म्हणजे…"

"अगदी स्पष्ट आहे की. 'आपण टाकी धुवायची आहे.' इतक्या आदराने मला माझ्या सासऱ्यांनीही कधी कामाला लावलं नव्हतं."

शिपाईकाकांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. "अगं पोरी, पोरांना कुणी आपण-बिपण म्हणतं का? त्यांना 'ए' म्हणायचं! त्यांना वाटलं असणार, हे मास्तर लोकांचं काम."

झालेही तसेच. साडेसातला शाळा भरायच्या वेळी मुले आली ती रिकाम्या हातांनी, आणि टाकीभोवती मजा बघायला गोळा झाली. सर्वांत पुढे तिच्याच वर्गातला 'भोंगा' होता. त्याची कुजबुजसुद्धा पलीकडच्या वर्गात ऐकू जाई.

"कधी सुरू करताय, सर? आम्ही आलोय बघायला!"

सरांनी घड्याळ पाहिले. "काय प्रमुख? काम मुलांनी करायचं ठरलं होतं. इथे तर मुलं प्रेक्षक आहेत. सोमवारी भूमिती घेतो मी."

पुटपुट टाकीला टेकवलेल्या शिडीच्या दोन पायऱ्या चढली. शिडी डुगडुगत होती.

"आपण म्हणजे आपण सगळे," ती म्हणाली.

"काय म्हणाली?" मागून प्रश्न आलाच.

भोंग्याने मान वळवली. "आपण म्हणजे आपण सगळे, असं म्हणतेय ती! सरसुद्धा!"

'सरसुद्धा' ही त्याची स्वतःची भर होती. तिने ती खोडून काढली नाही.

पाच बादल्या होत्या, शिपाईकाकांनी आणखी सात काढून दिल्या. सहा मुले ब्रश घेऊन आत उतरली. बाकीची टाकीपासून गाळ टाकायच्या खड्ड्यापर्यंत रांगेत उभी राहिली, रांगेच्या मधोमध पाचही शिक्षक. पण टाकीत प्रत्येक शब्द तीनदा घुमत होता. भोंगा आत वाकून ओरडे, आणि आतल्यांना नुसताच गडगडाट ऐकू येई.

पुटपुट मात्र घरी आल्यासारखी झाली. आवाजाच्या कल्लोळात काम करायची तिला जन्माची सवय होती. शिडीच्या टोकाशी बसून तिने हात वर केला. आडवा तळवा म्हणजे थांबा. दोन बोटे म्हणजे पुढची बादली. एक बोट गोल फिरवले की त्याच जागी पुन्हा घासा; गिरणीत त्याचा अर्थ 'अजून बारीक' असा होता. दहा मिनिटांत सर्वांना ती भाषा येऊ लागली.

फक्त एका ठिकाणी रांग तुंबत होती. गणिताचे सर प्रत्येक बादलीत डोकावून, गाळ किती आहे ते पाहून मगच ती पुढे देत. त्यांच्यापाशी चार बादल्या साचल्या. सव्वाआठ झाले होते. तिने हात उचलला आणि तो हवेतच राहिला. मग तिला वडील आठवले: पोते अडकले की ते कुणाचे आहे हे न बघता ते बाजूला ओढत.

तिने सरांकडे बोट केले, मग शिडीकडे. आणि मूठ आवळून दाखवली. धरा.

"मी?"

मूठ तशीच राहिली. शिडी खरोखरच डुगडुगत होती. सरांनी बादली खाली ठेवली आणि येऊन शिडी धरली.

नऊला दहा कमी असताना शेवटची बादली खड्ड्यात रिकामी झाली. मोठ्या बाई आल्या तेव्हा सर गुडघाभर चिखलाने माखलेले होते.

"मग काय, सर? सोमवारचा तास कुणाचा?"

"मला काय विचारता, बाई? मी शिडी धरलीय. प्रमुख वर आहेत."

"आणि भूमिती?"

"बुधवारी शाळा सुटल्यावर घेईन." मग मान वर करून ते म्हणाले, "पुढच्या सूचनेत 'आपण' खुशाल लिहा. फक्त शेजारी 'सरसुद्धा' लिहीत जा. निदान माणूस जुनी विजार घालून येईल."

पुटपुट काहीतरी म्हणाली, पण नळाच्या गुरगुरण्यात ते कुणालाच ऐकू आले नाही. तिने आडवा तळवा दाखवून शिपाईकाकांना पाण्याच्या चावीपाशी थांबवले. मग सरांच्या पायाशी सांडलेल्या गाळाकडे बघत एक बोट हवेत गोल फिरवले.

सरांनी शिडी भोंग्याच्या हाती दिली आणि ब्रश मागून घेतला.