लहरगुरू आणि कोबीचा गड्डा

बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये खुर्च्या दोनशे होत्या आणि माणसं तीनशे. ज्यांना खुर्ची मिळाली नाही ते भिंतीला टेकले होते आणि ज्यांना भिंत मिळाली नाही ते एकमेकांना. स्टेजवर एक टेबल, टेबलावर खेळण्यातला पंखा आणि शेजारी खुर्चीत डोक्याला काळा पट्टा अडकवून बसलेला पोस्टातला एक कारकून. पट्ट्याची एक दांडी त्याच्या कपाळावर टेकली होती आणि एक चिमटा कानाच्या पाळीला धरून होता.

"संकल्प करा," लहरगुरू म्हणाला. "दात घट्ट आवळा, कपाळ ताणा आणि मनात म्हणा, फिर."

कारकुनाने दात आवळले. पंखा फिरला.

हॉलने श्वास रोखला आणि मग टाळ्यांचा पाऊस पाडला. कारकून असा खाली उतरला, जणू पोस्टाच्या गाड्या यापुढे तोच मनाने चालवणार होता.

हा लहरगुरू दोन वर्षांपूर्वीपर्यंत दारोदार पाणी गाळायची यंत्रं विकत असे. यंत्रं खपेनात, तेव्हा त्याने माणसंच गाळायला घेतली. आता तो पांढरा कोट घालायचा आणि जाड रबरी तळाचे पांढरे बूट. तळ रबरी का, तर म्हणे नाहीतर शक्ती जमिनीत उतरून जाते. माणसाच्या मेंदूत पाच प्रकारच्या लहरी असतात हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. सहावी त्याने स्वतः शोधली होती आणि ती सापडलेला जगात तो एकटाच होता. पट्टा डोक्याला लावला की ती सहावी लहर पट्ट्यातून निघते, लहरगुरूच्या शरीरातून शुद्ध होते आणि यंत्रात शिरते. लोक माना डोलावत होते. यातलं एक अक्षर कुणाला कळत नव्हतं, आणि तेच तर त्यांना पटत होतं.

तिसऱ्या रांगेत बसलेली मास्तरीण मात्र कपाळाला आठी घालून होती. ती तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तसला पट्टा तिच्या प्रयोगशाळेच्या कपाटात होता. मुलं त्यावर सर्किट जोडून दिवे लावत, छोट्या गाड्या पळवत. त्यात चमत्कार असता तर परीक्षेत निम्मी मुलं नापास झाली नसती.

ती हसून उठूनही गेली असती. पण पुढचा नंबर तिच्या वडिलांचा होता.

वडील आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले होते. चार महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळ्या भाषेतून त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, 'तर'. पाणी हवं असलं तरी 'तर', खिडकी लाव म्हणायचं असलं तरी 'तर'. समजत सगळं होतं, बाहेर काही येत नव्हतं. दवाखान्यातून एक बाई रोज घरी यायच्या, वाचेचा व्यायाम घ्यायच्या. घरात त्यांना सगळे उच्चारबाई म्हणत. डाव्या हाताने टेबलावर एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, एवढं त्यांनी शिकवत आणलं होतं. तेही अजून दहातून सहा वेळा जमायचं. पहिले महिने सोन्याचे, एक दिवसही चुकवू नका, असं त्यांनी बजावलं होतं.

वडिलांची चाकाची खुर्ची धाकट्याने, म्हणजे मास्तरणीच्या भावाने, स्टेजवर चढवली. धाकट्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. झटका आला त्या सकाळी तो वडिलांशी भांडून, जेवणाचा डबा तसाच टेबलावर टाकून निघून गेला होता. ते भांडण त्याच्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं होतं. लहरगुरूच्या चेल्यांनी ही गोष्ट त्याच्याच तोंडून आठवड्यापूर्वी काढून घेतली होती.

लहरगुरूने वडिलांना पट्टा लावला आणि टेबलावर दोन दिवे मांडले. हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही.

"पिताजी, मुलाला क्षमा केलीत?"

हिरवा लागला. धाकटा भरल्या हॉलमध्ये लहान पोरासारखा रडला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. वडिलांचा डावा हात वर उठला आणि कपाळाकडे गेला, तेव्हा लहरगुरूने तो अलगद धरून खाली ठेवला आणि लोकांना सांगितलं की पाहा, लहर हातात उतरली. पुन्हा टाळ्या. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, तोच त्याला विचारायचा होता. रोजच्या व्यायामाने तुमच्या लहरींना त्रास होतो का? हिरवा. तो बंद करून इथे लहरस्नानाला यायचं का? हिरवा.

दुसऱ्या दिवशी उच्चारबाई दारात आल्या, तेव्हा धाकट्याने हात जोडून त्यांना सांगितलं की आता यायची गरज नाही, बाबांनी स्वतःच सांगितलंय.

घरात त्यावरून वादळ झालं. मास्तरीण म्हणाली, सांगितलं बाबांनी नाही, सांगितलं दिव्याने. धाकटा म्हणाला, तू चार पुस्तकं शिकलीस म्हणून बापाच्या मनाला खोटं ठरवतेस. आई मध्ये पडली नाही. तिची दोन्ही मुलं एका वेळी रागावली की ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायची, घासलेलीसुद्धा.

भांडून उपयोग नाही हे मास्तरणीच्या लक्षात आलं. तिने शाळेतला पट्टा घरी आणला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर सर्किट मांडलं आणि पट्टा धाकट्याला लावला. त्याला सांगितलं की तुला हवा तो विचार कर, फक्त दात सैल सोड, कपाळ हलवू नकोस. तो बराच वेळ देवाचा, दुकानाचा, बाबांचा विचार करत बसला. दिवा कधी मिणमिणला, कधी विझला, विचाराशी त्याचा ताळमेळ लागेना. मग ती म्हणाली, आता काही विचार करू नकोस, नुसते दात आवळ. दिवा भक्कन लागला.

तिने समजावलं की मेंदूतून येणारी वीज फार बारीक असते, आणि जबड्याचे, कपाळाचे, पापण्यांचे स्नायू तिच्या कितीतरी पट मोठा गोंधळ घालतात. हा स्वस्तातला पट्टा तो गोंधळही मोजतो. त्यातून एक आकडा काढतो, त्याला 'एकाग्रता' असं भारदस्त नाव देतो, आणि आकडा वर गेला की सर्किट दिवा लावतं. माणूस जागा आहे की पेंगतोय याचा थोडाफार अंदाज चांगल्या यंत्राला येईल. मनातलं वाक्य त्याला वाचता येत नाही.

एवढ्यावर थांबेल ती मास्तरीण कसली. टोपलीतला कोबीचा गड्डा तिने ओल्या फडक्यात गुंडाळला, पट्टा त्याला घातला, चिमटा एका पानाला लावला. पडद्यावरचा आकडा झुलला, चढला, उतरला आणि थोड्या वेळाने दिवा लागला. आजूबाजूच्या विजेच्या तारांची गुणगुण तो ओला गड्डा इमानेइतबारे पट्ट्याला कळवत होता.

आई हात पुसत पाहत होती. "हा एवढा विचारी असेल असं वाटलं नव्हतं गं," ती म्हणाली. "उद्या चिरायचा होता."

धाकटा हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "मग क्षमेचा दिवा कसा लागला? बाबांनी तर दात आवळले नव्हते."

प्रश्न बरोबर होता. मास्तरणीलाही तोच छळत होता. पट्ट्यावर चालणारा दिवा असा चढतो, उतरतो, चाचपडतो. लहरगुरूचे दोन दिवे मात्र प्रश्न संपला की लगेच लागत, आणि कधी चुकत नसत. म्हणजे पंखा खरा होता आणि दिवे खोटे. खऱ्याच्या खांद्यावर बसवून खोटं हॉलमध्ये आणलं होतं. मग दिव्यांना सांगतं कोण? लहरगुरूचे हात तर सगळ्यांना दिसत. तिला ते रबरी बूट आठवले. तिने शाळेत एका रिकाम्या तासाला एक डबी बनवली. रिमोटचं बटण दाबल्यावर जी रेडिओ लहर निघते ती पकडली की डबी 'टिंग' करायची.

दोन आठवड्यांनी वडिलांची पाळी पुन्हा आली. या वेळी मास्तरीण स्वतः खुर्ची ढकलत स्टेजवर गेली आणि लहरगुरूला नमस्कार करून म्हणाली की मी चुकले, आज बाबांना पट्टा माझ्या हाताने लावू द्या. लहरगुरूचा चेहरा लोण्यासारखा झाला. शंकेखोर लेक शरण आली, याहून चांगली जाहिरात कुठली. त्याने माइकवर जाहीर केलं की अहंकाराचा पडदा फाटला.

तिने पट्टा लावला आणि लावताना त्यातला सेल काढून मुठीत घेतला. पट्ट्याचा बारीक निळा दिवा विझला. तो वडिलांच्या कानामागे होता आणि लहरगुरू लोकांकडे पाहत होता.

"पिताजी, बरं वाटतंय?"

मास्तरणीच्या पर्समध्ये टिंग झालं. हिरवा लागला.

"लहरस्नान चालू ठेवायचं?"

टिंग. हिरवा.

"औषधंही हळूहळू कमी करायची?"

टिंग. हिरवा. पुढच्या रांगेतले लोक आपापले फोन चाचपू लागले. गोष्ट औषधांवर येईल असं मास्तरणीला वाटलं नव्हतं. तिने माइक उचलला. लहरगुरूला वाटलं ती अनुभव सांगणार.

"हा पट्ट्याचा सेल," ती म्हणाली आणि मूठ उघडली. "पट्टा सुरुवातीपासून बंद आहे. तीन उत्तरं आली ती कुणाची?"

हॉलमध्ये कुजबुज पसरली. लहरगुरू हसला. सूक्ष्म लहरींना सेल लागत नाही, तो म्हणाला, सेल लागतो तो आपल्या जड बुद्धीला. काही लोकांनी याही वाक्याला टाळ्या दिल्या. टाळ्या देणाऱ्यांची जात अशी असते की बुडत्या नावेतूनही ती नावाड्याचं कौतुक करील.

मास्तरणीने पर्समधली डबी काढून टेबलावर ठेवली आणि ती काय करते ते दोन वाक्यांत सांगितलं. मग शांतपणे विचारलं, "गुरुजी, तुमच्या बुटात बटण आहे का?"

लहरगुरू रागाने एक पाऊल मागे सरला. पाऊल टेकलं, डबी टिंग झाली आणि टेबलावरचा हिरवा दिवा लख्ख लागला.

मग मागच्या भिंतीकडून एक हसू फुटलं आणि बघता बघता हॉलभर पसरलं. लहरगुरू हात हलवत काही बोलत होता, आणि बोलताना पाय हलत होते, आणि दिवे हो-नाही, हो-नाही करत होते. इतक्या प्रामाणिकपणे त्याचं शरीर पूर्वी कधी बोललं नसेल.

बूट काढला तो धाकट्याने. कुणी सांगितलं नव्हतं. तो स्टेजवर आला, लहरगुरूसमोर गुडघ्यावर बसला आणि नाडी सोडू लागला. लहरगुरूने पाय ओढून पाहिला, पण अडकलेला कागद ओढून काढायची झेरॉक्सवाल्याला सवय होती. आतल्या तळव्याखाली दोन चपटी बटणं निघाली, एक अंगठ्याखाली आणि एक करंगळीखाली. त्यातून निघालेली तार मोज्यात शिरून घोट्याला बांधलेल्या काडेपेटीएवढ्या डबीत गेली होती. धाकट्याने अंगठ्याने एक बटण दाबलं. हिरवा. दुसरं दाबलं. लाल.

"लहर होती," मास्तरीण लोकांना म्हणाली. "फक्त डोक्यातून निघत नव्हती, अंगठ्यातून निघत होती."

पोस्टातला कारकून उठून म्हणाला की माझा पंखा तरी खरा होता ना. तिने त्याला दात आवळण्याची गंमत सांगितली. तो हिरमुसला. लहरगुरू एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत मागच्या दाराने निघून गेला, आणि माघारी चेले म्हणत राहिले की गुरूंनी भक्तांची परीक्षा पाहिली. चार-दोन जणांना तेही पटलं. त्यांच्यापुढे तर कोबीचा गड्डाही शहाणा.

वडील या सगळ्या वेळात डाव्या हाताने पट्टा ओढून काढायच्या खटपटीत होते. मास्तरणीने तो काढला आणि तिला एकदम कळलं की त्या पहिल्या दिवशी हात वर उठला होता तो याचसाठी. ते नाहीच म्हणत होते. आणि तीनशे माणसांनी त्यांच्या नाहीला टाळ्या दिल्या होत्या. तीही त्या तीनशेंत बसली होती. तिने टाळी दिली नव्हती, पण उठून हातही मोकळा केला नव्हता.

उच्चारबाईंना बोलवायला धाकटा स्वतः गेला. त्या आल्या, रागावल्या नाहीत, फक्त मागचं किती पुसलं गेलं ते तपासत राहिल्या. दहातून सहाचं चारवर आलं होतं. ते पंधरा दिवस कुणी परत देणार नव्हतं.

महिन्याभराने एका दुपारी टकटक पुन्हा नीट जमू लागली, तेव्हा धाकटा वडिलांसमोर बसला. मास्तरीण दारात थांबली. त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. हात टेबलावर आला आणि थांबला. बोटं उचलली, पुन्हा टेकली. "तर," ते म्हणाले आणि मान हलवून थांबले, कारण ते म्हणायचं नव्हतं. उत्तर धाकट्याने स्वतः भरलं नाही. बऱ्याच वेळाने एक टकटक झाली. त्याचा चेहरा पडला. मग दुसरी झाली. वडिलांनी तीच दोन टकटक सावकाश पुन्हा केली, जोर देऊन, पाटीवरच्या अक्षरावर रंगाचा दुसरा हात द्यावा तशी.

ज्याला बोलता येत नाही त्याचं उत्तर असं येतं. अडखळत, चुकत, वेळ घेत. त्याच्या वतीने कुणी भराभर बोलू लागला, तर तो बोलणारा कितीही पांढरा कोट घालून आला तरी त्याला थांबवा. ज्याचं उत्तर त्याला ठाऊक नसेल असा प्रश्न विचारा, यंत्र बंद करून बघा, बूट काढायला लावा. यंत्र बिचारं निर्दोष असतं, शाळेतली पोरंही ते जोडतात. दिवा लागला की टाळी वाजवण्याआधी एवढंच पाहा, त्याची तार कुणाच्या पायाशी जाते.