मंद चालीची चाचणी

कारखान्यात तिच्या पाठीमागे सगळे तिला 'मीठवाली' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. विमानाचं इंजिन जहाजाला बसवायचं चाललं होतं. पुढचा मोठा पंखा काढून टाकला होता, मागे प्रोपेलर फिरवणारं वेगळं टर्बाइन जोडलं होतं, आणि इंजिनाच्या तोंडात दिवसभर खारं पाणी फवारायचं काम तिच्याकडे होतं. विमान उडतं तिथली हवा स्वच्छ, समुद्रावरची खारट. आतली पाती ते मीठ सोसतात का, एवढंच बघायचं.

ती पाती तिच्या नवऱ्यानं आखलेली. विमानात वीस वर्षं बिनतक्रार चाललेली, त्यामुळे त्यांच्याविषयी कुणी वावगं बोललेलं त्याला खपत नसे.

"पूर्ण जोरावर टिकली की झालं," तो म्हणे.

तिचं म्हणणं उलट होतं. जहाज बहुतेक वेळ रेंगाळतं. जोरात असताना मीठ उडून जातं. मंद चालीत ते पात्यांना चिकटून बसतं आणि आतून खातं. या वादापायी कितीतरी जेवणं थंड झाली. सासूबाई वाढता वाढता म्हणायच्या, "आधी जेवा, मग भांडा. पाती काही पळून जात नाहीत."

शेवटी वरिष्ठांनी दोन्ही चाचण्या घ्यायचं ठरवलं. पूर्ण जोराची झाली, पाती ठणठणीत निघाली. तो आठवडाभर मिशीतल्या मिशीत हसत होता. मंद चालीची सुरू झाली आणि चौथ्या दिवशी, कारखान्याच्या जिन्यात, हातात चहाचा कप घेऊन तो पायरीवर बसला. पुन्हा उठला नाही.

आठ दिवसांनी ती कामावर आली. ती आत शिरली की लोक बोलायचं थांबत. तिला रडू येत नव्हतं. दात काढण्याआधी सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. ती मीठ मोजून पाण्यात घालायची, तापमान लिहायची, जेवणाचा डबा उघडायची, बंद करायची.

चाचणी संपली तेव्हा फोरमननं कॅमेऱ्याची बारीक नळी इंजिनात सोडली. पडद्यावर पहिलं पातं आलं. धातू वाचवायला वर दिलेल्या लेपाखाली फोड आले होते, कडेला खड्डे पडले होते.

"मॅडम, तुमचंच खरं निघालं," फोरमन म्हणाला.

"हं."

"साहेब असते तर..." त्यानं जीभ चावली.

"पुढचं दाखवा."

पुढचंही तसंच होतं. त्याच्या पुढचंही. ती खड्डे मोजत गेली. अहवाल तीन पानांचा झाला. 'पाती मंद चालीस अपात्र' असं लिहून तिनं खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली.

घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या.

"लागला निकाल?"

"लागला."

"कोण बरोबर?"

"मी."

सासूबाईंनी दोन-तीन शेंगा सोलल्या. "त्यानं मानलं नसतं. लहानपणी गणित चुकलं की पुस्तकच चुकलंय म्हणायचा."

दोघींपैकी कुणी हसलं नाही. तिनं समोर बसून एक शेंग उचलली. इतक्या दिवसांच्या भांडणात ती जिंकली होती, आणि हे ज्याला ऐकवायचं तोच नव्हता. याचं वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. तेवढंच.

नव्या लेपाला सात महिने लागले. त्यात क्रोमियम वाढवलं. पात्याच्या आकाराला मात्र हात लावावा लागला नाही. मग पुन्हा मीठ, पुन्हा मंद चाल. या खेपेला पाती टिकली. जहाज समुद्रात गेलं तेव्हा तिलाही बरोबर नेलं. दोन दिवस ते मुद्दाम रेंगाळत चालवलं. कप्तानानं तिचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. तिनं आभार मानले, आणि डेकवर येऊन घरी फोन लावला.

"चाललं," ती म्हणाली.

"त्याचीच पाती ना?" सासूबाईंनी विचारलं.

"आकार त्याचा. लेप माझा."



"कधी येतेस?"

"परवा दुपारी."

"जेवायची थांबते."

"नका थांबू, उशीर होईल."

"थांबते म्हटलं ना."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढची नोंद घ्यायला खाली इंजिनाच्या खोलीत गेली.